आजन्म विद्यार्थी

इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपुरी नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १७ ऑगस्ट १७६१ रोजी एका गरीब विणकराच्या घरी विल्यम कॅरी यांचा जन्म झाला. वडील पुढे गावच्या शाळेत शिक्षक झाले, त्यामुळे मुलाला लिहिण्यावाचण्याची गोडी लहानपणीच लागली. परंतु घरची स्थिती बेताची असल्याने त्याला फार दिवस शाळेत ठेवणे शक्य नव्हते. उन्हात काम केले की विल्यमच्या अंगाची आग होई, म्हणून शेतीचे कामही त्याला मानवेना. अखेर जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे त्याला उमेदवारीस ठेवण्यात आले.

विल्यम दिवसभर आरी चालवी, कातडे कापी आणि टाके घाली; पण त्याचे मन पुस्तकांत असे. कामाच्या जागी एखादे पुस्तक उघडे ठेवून तो हातातले काम करता करता वाचीत बसे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, डच अशा भाषा त्याने बहुतांशी स्वतःच्या श्रमाने आत्मसात केल्या. कॅप्टन कुक यांचे समुद्रप्रवासाचे वृत्तांत वाचल्यावर तर दूरदूरच्या देशांतील लोक कसे राहतात, काय बोलतात, कोणत्या देवाला भजतात, हे जाणण्याची त्याला ओढच लागली. आपल्या कारखान्याच्या भिंतीवर त्याने कागदाचे तुकडे जोडून जगाचा एक मोठा नकाशा टांगला आणि प्रत्येक देशाविषयी मिळेल ती माहिती त्यावर लिहून ठेवली.

पुढे कॅरी हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. दूरच्या देशांत जाऊन ख्रिस्ताचा उपदेश सांगणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांच्या प्रयत्नाने १७९२ साली बॅप्टिस्ट मिशनची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी कॅरी सहकुटुंब जहाजात बसले. त्यांच्या पत्नी डोरोथी यांची घर सोडण्याची इच्छा नव्हती. अगदी शेवटच्या घटकेस त्या निघाल्या. पाच महिन्यांच्या प्रवासानंतर, नोव्हेंबर १७९३ मध्ये, हे कुटुंब कलकत्त्यास उतरले.

त्या काळी ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहू देत नसे. जवळचा पैसा लवकरच संपला. कॅरी यांनी काही दिवस सुंदरबनाच्या जंगलात काढले आणि मग मदनावती या गावी निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी धरली. तेथे त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने व हगवणीने दगावला. त्या दुःखातून डोरोथी कधीच सावरल्या नाहीत. त्यांचे मन भ्रमिष्ट झाले आणि १८०७ साली मृत्यू येईपर्यंत ते तसेच राहिले. कॅरी यांनी स्वीकारलेल्या व्रताचे मोल त्यांच्या घरातील माणसांनाही असे मोजावे लागले.

कॅरी उपदेश करण्यासाठी आले होते. पण आधी शिकल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांना या देशात पाऊल ठेवताच कळून चुकले. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे ग्रंथ वाचलेले नाहीत, ज्यांचे सुखदुःख ठाऊक नाही, त्यांच्याशी बोलणार तरी काय? म्हणून त्यांनी रामराम बसू या विद्वान बंगाली गृहस्थांना आपले मुनशी नेमले आणि तिशी ओलांडल्यावर पुन्हा अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. बंगालीपाठोपाठ त्यांनी संस्कृतही हाती घेतली.

कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी सेरामपूर नावाचे गाव आहे. तेथे तेव्हा डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता, त्यामुळे कंपनीचा हुकूम चालत नसे. १८०० साली कॅरी तेथे राहावयास गेले. शिक्षक जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे त्यांचे दोन सहकारी झाले. तिघांनी एकत्र राहावे, सर्वांची मिळकत एका थैलीत ठेवावी आणि ती कार्यासाठी खर्चावी, असा त्यांचा नेम होता. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने त्यांच्या छापखान्यासाठी देशी लिप्यांचे खिळे पाडले. १८०१ साली बायबलच्या नव्या कराराचे बंगाली भाषांतर तेथे छापून निघाले.

त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात कॅरी यांची बंगाली शिकविण्यासाठी नेमणूक झाली. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना या देशाच्या भाषा शिकविणारी ती संस्था होती. पुढे संस्कृत व मराठी शिकविण्याचे कामही कॅरी यांच्याकडे आले. महाराष्ट्र तर शेकडो कोस दूर! परंतु महाविद्यालयात वैजनाथ नावाचे मराठीचे मुख्य पंडित होते. कॅरी त्यांचे शिष्य झाले. १८०५ साली कॅरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशातील मराठी शब्द मोडी अक्षरांत होते. वैजनाथ पंडितांचे साहाय्य कॅरी यांनी मोकळ्या मनाने मान्य केले आहे. तरीही मराठी मुलखात न राहता शिकलेली ती मराठी होती. त्यांच्या मराठी भाषांतरावर नागपूरकडील बोलीची छाया पडली होती आणि इतर भागांतील वाचकांना ते परके वाटे. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांना नवी भाषांतरे करावी लागली. पण मराठीच्या अभ्यासाची वाट कॅरी यांनी पाडली, हे विसरता येणार नाही.

११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. वॉर्ड आणि इतर लोकांनी पाण्याचा मारा केला, पण कागदाच्या ढिगांनी पेट घेतल्यावर आग आवरेना. कॅरी त्या दिवशी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन यांनी ही वार्ता त्यांना सांगितली. कॅरी परतले तेव्हा राखेतून धूर निघत होता. अनेक भाषांचे खिळे वितळून शिशाचे गोळे झाले होते. वर्षानुवर्षे जागून लिहिलेली भाषांतरांची व व्याकरणांची हस्तलिखिते जळाली होती. भारतीय भाषांतील शब्द एकत्र आणणारा एक मोठा कोश ते सिद्ध करीत होते. त्याचीही राख झाली. कॅरी यांच्या डोळ्यांत पाणी आले.

परंतु मुद्रणयंत्रे आणि अक्षरांचे मूळ ठसे बचावले होते. काही दिवसांतच वितळलेले शिसे गोळा करून नवे खिळे ओतण्यास प्रारंभ झाला. कॅरी यांनी पुन्हा लेखणी उचलली. दुसऱ्यांदा चाललेली वाट अधिक ओळखीची असते, तसे त्यांच्या कामाचे झाले. त्यांचे तेलुगूचे व्याकरण १८१४ साली आणि कानडीचे १८१७ साली छापून निघाले. तो मोठा कोश मात्र पुन्हा कधीच सिद्ध झाला नाही.

१८१८ साली या तिघा मित्रांनी सेरामपूर येथे महाविद्यालय स्थापन केले. कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या विद्यार्थ्यास तेथे प्रवेश होता. ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाबरोबरच संस्कृत आणि पाश्चात्त्य शास्त्रे शिकविण्याची तेथे योजना होती. ज्याला या देशात धर्मोपदेश करावयाचा आहे, त्याने येथील लोकांचे विचार व ग्रंथही जाणले पाहिजेत, असा त्यामागील हेतू होता. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने या महाविद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार दिला. ज्या कॅरी यांनी स्वतः कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती, त्यांच्या हातून पदव्या देणारी संस्था उभी राहिली! आजही भारतातील अनेक ख्रिस्ती धर्मविद्यालयांतील विद्यार्थी सेरामपूरच्या पदव्यांसाठी अभ्यास करतात. इतर धर्मांचा अभ्यास आणि मिशन कार्याचा अभ्यास हे तेथील पदव्युत्तर शिक्षणाचे विषय आहेत.

सतीची चाल पाहून कॅरी यांचे मन व्यथित झाले होते. त्या चालीविरुद्ध राजा राममोहन रॉय यांनी मोठी चळवळ केली. डिसेंबर १८२९ मध्ये लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला, तेव्हा त्याचा बंगाली अनुवाद करण्याचे काम कॅरी यांच्याकडे आले. तो रविवार होता आणि त्यांना प्रार्थनामंदिरात उपदेश करावयाचा होता. पण एका दिवसाच्या विलंबानेही कोणा स्त्रीचा जीव जाईल, हे जाणून त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले आणि सायंकाळपर्यंत अनुवाद पुरा केला.

९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे कॅरी यांचे निधन झाले. चाळीस वर्षांच्या वास्तव्यात ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. त्यांच्या छापखान्यातून तिसांहून अधिक भाषांत पुस्तके निघाली. त्यांतील काही भाषांतरे सदोष होती आणि नंतरच्या अभ्यासकांनी ती बदलली. त्यांचा धर्म न स्वीकारणाऱ्या लोकांनीही त्यांच्या विद्येचा लाभ घेतला. शिकविण्यासाठी आलेल्या या पुरुषाने आयुष्यभर शिकण्यात कमीपणा मानला नाही. परक्या लोकांशी बोलू इच्छिणाऱ्याने प्रथम त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसावे, हा त्यांच्या जीवनाचा धडा आहे.