कुलगुरूपदाचा अर्थ आणि मुकुंदराव जयकर

‘कुलगुरू’ हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु त्याचा जुना अर्थ कुळाचा आचार्य, रघुकुळाला वसिष्ठ होते तसा, हे ध्यानात घ्यावे. आधुनिक कुलगुरू बहुधा स्वतः शिकवीत नाही. इतरांना शिकवता यावे, संशोधन करता यावे, अशी व्यवस्था तो उभारतो. अर्थाचा हा पालट समजून घेण्यासाठी पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंद रामराव जयकर (१८७३–१९५९) यांचे चरित्र उपयोगी आहे.

जयकर हे पेशाने बॅरिस्टर. गोलमेज परिषद, तेजबहादूर सप्रू यांच्यासह गांधी-आयर्विन करारासाठी केलेली मध्यस्थी, १९३७ पासून फेडरल कोर्टाचे न्यायाधीशपद आणि पुढे प्रिव्ही कौन्सिल, हा त्यांचा सार्वजनिक प्रवास आपणांस इतिहासाच्या पुस्तकांत सापडेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो काहीसा विस्मृतीत गेलेला भाग. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते. पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखून ठेवावे, अशी शिफारस या समितीने केली आणि १९२९ मध्ये तसा निधी अस्तित्वात आला. मालेगावातून मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना हे आठवावे. आधी टिकाऊ आधार, मग विस्तार, ही जयकरांची दृष्टी होती, असे मला वाटते.

पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ चा. विद्यापीठ सुरू झाले १० फेब्रुवारी १९४९ रोजी. तोवर नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात (स्थापना १९२४) शिकणाऱ्यास पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची. १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले ते विद्यापीठ आरंभी मुख्यतः परीक्षा घेणारे होते. पुण्यालाही तोच मार्ग सोपा होता. बारा जिल्हे, अठरा महाविद्यालये, आठ हजारांवर विद्यार्थी. नुसत्या परीक्षा घ्यायच्या म्हटले तरी काम पुरेसे होते, आणि कार्यालय तर प्रारंभी निजाम अतिथिगृहाच्या एका भागात! पदव्युत्तर अध्यापनासाठी आणि संशोधनासाठी मात्र जागा, ग्रंथ आणि माणसे लागतात. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पाठबळाने गणेशखिंडीचा ४११ एकरांहून अधिक विस्तृत परिसर विद्यापीठास लाभला आणि तेथे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहू लागले. तेथील ग्रंथालयास पुढे जयकरांचेच नाव मिळाले. न्यायाधीशाच्या स्मारकाला इमारतीपेक्षा ग्रंथसंग्रह अधिक शोभतो, असे म्हणावयास हरकत नाही.

केंद्रस्थानी निर्माण होणारे ज्ञान तालुक्यापर्यंत पोहोचावयाचे, तर गावोगावी महाविद्यालये हवीत. ती उभारणे एकट्या कुलगुरूच्या हाती नसते. त्यासाठी स्थानिक संस्था पुढे याव्या लागतात. जयकर १९५६ मध्ये पदावरून निवृत्त झाले. भाऊसाहेब हिरे यांच्या महात्मा गांधी विद्यामंदिराने मालेगाव कॅम्पात महाराजा सयाजीराव गायकवाड महाविद्यालय सुरू केले ते १९५९ साली. त्याच वर्षी १० मार्च रोजी जयकरांचे निधन झाले.