डॉ. रखमाबाई राऊत : रुग्णांचा विश्वास जिंकणाऱ्या डॉक्टर

भारतात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या पिढीतील स्त्री डॉक्टरांमध्ये डॉ. रखमाबाई राऊत यांची गणना होते. बालविवाहाविरुद्धच्या खटल्यामुळे त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. मात्र रुग्ण स्त्रियांचा विश्वास संपादन करून त्यांना उपचारांत सहभागी करून घेण्याचे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे.

२२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. पतीच्या निधनानंतर आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर मात्र, पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश १८८७ मध्ये झाला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांची तडजोड होऊन हा वाद मिटला.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्री रुग्णालयात रुजू झाल्या.

त्या काळी बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून होत असे. रुग्णालयाची धास्ती आणि पडदा पद्धती यांमुळे अडलेल्या स्त्रीलाही तेथे नेण्यास कुटुंबीय राजी नसत. उत्तम वैद्यकीय ज्ञान असूनही रुग्णाच्या संमतीवाचून ते निरुपयोगी ठरत होते. ही भीती घालविण्यासाठी रखमाबाईंनी एका गाभण शेळीला रुग्णालयात आणून तिची सुखरूप सुटका केली व ते पाहून स्त्रियांना धीर आला, अशी हकिकत सांगितली जाते. हळूहळू स्त्रिया प्रसूतीसाठी रुग्णालयात येऊ लागल्या.

पुढे राजकोटच्या स्त्री रुग्णालयातही त्यांनी सेवा केली. सुमारे ३५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाल्यावर त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध लेखन केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्यांच्या संमतीला कायद्याने एकेकाळी किंमत दिली नव्हती, त्या रखमाबाईंनी रुग्णांच्या संमतीची वाट पाहिली आणि ती मिळविली. सुरतेतील त्यांच्या कार्याचे हेच खरे यश होते.