वालचंदांचा १:१ मापाचा किट

मॉडेल ट्रकचा किट कधी उघडलाय? नसेल उघडला तर सांगते, त्या खोक्यात ट्रक नसतोच. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले ढीगभर तुकडे असतात, रबरी टायर असतात आणि एक सूचनापत्रक. आधी चासी, मग अ‍ॅक्सल, मग इंजिन आणि शेवटी केबिन. पीटरबिल्ट, केनवर्थ अशा जुन्या दणकट अमेरिकी ट्रकचे किट साधारण १:२४ किंवा १:२५ मापात येतात. म्हणजे २४ फुटी गाडी तुमच्या टेबलावर एका फुटात मावते. महिनाभर खपून तुम्ही ती उभी करता, फोटो टाकता आणि कुणीतरी मित्र विचारतोच, की यात तू काय केलंस, नुसतं जोडलंस ना?

हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. कारण आपल्या राज्यात एक माणूस होऊन गेला, ज्याने हेच काम १:१ मापात केलं. खोक्यातून आलेले खरे ट्रक त्याच्या कारखान्यात जोडले गेले. आणि हाच प्रश्न पुढे अख्ख्या देशाला पडला.

त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घर व्यापारी, कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार. वालचंद शिकायला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, पण बी.ए. अर्धवटच राहिलं. घरच्या पेढीवर बसणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांबरोबर भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. पैसा एकाचा, कामाची माहिती दुसऱ्याची. ही पद्धत त्यांनी पुढे आयुष्यभर वापरली. स्वतःला येत नसलेलं काम येणारा माणूस शोधायचा आणि त्याच्यासोबत उतरायचं. त्यातूनच पुढे बोरघाटातल्या बोगद्यांसारखी मोठी कामं आली आणि १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

१९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजींसोबत शिंदे सरकारांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतलं. जहाज जुनं होतं. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा प्रवास सुरू झाला. ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो यामुळेच. जीकेच्या पेपरात ही तारीख पाठ केली असेल, त्यामागचा माणूस हा. खुद्द ते जहाज काही फार कामाला आलं नाही, चार-पाच वर्षांत भंगारात गेलं. वर ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून सिंदियाला जेरीस आणलं. कंपनी मात्र टिकली.

आता किटकडे येऊ. गाडी भारतात बनावी ही कल्पना एकट्या वालचंदांची नव्हती. सर विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात मोटार कारखान्याचा आराखडा घेऊन फिरत होते. वालचंदांनी त्यात उडी घेतली. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. १९४० मध्ये अमेरिकेच्याच क्रायस्लरशी करार झाला. पण तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि ब्रिटिश सरकारला भारतातल्या मोटार कारखान्याची निकड वाटत नव्हती. कागद तयार, कारखाना नाही.

याच काळात प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी पडली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली आणि १९४१ मध्येच अमेरिकेतून आलेले भाग जोडून हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान उडालं. वर्षही झालं नव्हतं! आणि १९४२ मध्ये सरकारने तो कारखाना ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच. जी वस्तू जोडायला शिकलो, तिचा कारखानाच हातातून जाणं कसं वाटत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. दरम्यान, विशाखापट्टणमला त्यांचा जहाजबांधणीचा कारखानाही उभा राहत होता. १४ मार्च १९४८ रोजी तिथून ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरलं, पंडित नेहरूंच्या हस्ते.

मोटारीचा नाद त्यांनी सोडला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना आला. तिथे सुरुवातीला काय चालायचं? खोके उघडायचे! क्रायस्लरकडून इंजिन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, केबिनचे पत्रे असे सुटे भाग बोटीने यायचे आणि कुर्ल्यात त्यांची गाडी व्हायची. डॉज, डी सोटो, फार्गो अशी ट्रकची नावं. मॉडेलवाल्यांना यातली गंमत लगेच कळेल. क्रायस्लर तोच ट्रक समोरची जाळी आणि नावाची पट्टी बदलून वेगवेगळ्या नावाने विकायची. घरी आजोबा असतील तर त्यांना फार्गो विचारा, बरेच जण लगेच बोलायला लागतात.

मग हे जोडणं म्हणजे बनवणं का? नाही. आणि प्रीमियरच्या आधीही ते इथे होत होतं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडतच होती, फोर्डही जोडत होती. फरक पुढच्या पायरीत पडला. १९४९ च्या सुमारास प्रीमियरने काही भाग इथेच बनवायला घेतले. खोक्यातून येणारा एकेक तुकडा कमी करत जायचं, असं ते काम. हे करायचं तर प्रत्येक तुकडा कशासाठी आहे, तो कुठल्या धातूचा आहे, हे आधी कळावं लागतं. ते कळतं जोडताना. जोडणी ही शिकवणी होती, पदवी नव्हे. शिकवणीतच वीस वर्षं बसून राहिलेल्या कंपन्याही होत्या, हे पण खरं.

१९५३ मध्ये हा प्रश्न दिल्लीत निकाली निघाला. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं, की टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच इथे राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. वालचंदांनी मात्र हे पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे गेले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत सोबत होत्या.

गोष्ट इथे गोड करून संपवता येणार नाही. स्पर्धा कमी झाल्यावर आपल्या मोटार कंपन्या सुस्तावल्या, वर्षानुवर्षं जुनंच मॉडेल काढत राहिल्या आणि प्रीमियरही त्यातलीच. ज्या पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर मुंबई फिरली, तीही गेली. पण शिकवणी वाया गेली असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात वालचंदांनी साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवलं. आज तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात. आणि आपल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या डिश उभ्या आहेत ना, त्या जीएमआरटीची रचना इथल्याच शास्त्रज्ञांनी केली. तो कुठल्या खोक्यातून आलेला किट नाही.

तेव्हा किट जोडत असाल तर बिनधास्त जोडा. फक्त एक करून बघा. खोक्यात अमेरिकी ट्रक असतो. आपल्याकडच्या फार्गोचा लाकडी हौदा, मागचा फाळका, केबिनवरची नक्षी, दोन्ही बाजूंची रंगीत अक्षरं त्यात नसतात, कारण आपल्याकडे चासीवर बॉडी बांधायचे ते गावोगावचे सुतार, लोहार आणि पेंटर. आळेफाट्याला किंवा मंचरला बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये टेप घेऊन जा. विचारून मापं घ्या, २४ ने भागा आणि तेवढा हौदा स्वतः कापा. पहिला वाकडाच होईल. पण पुढच्या वेळी मित्राने विचारलं की यात तू काय केलंस, तर त्याला दाखवायला तुमच्याकडे हौदा असेल.