मुलांसाठी ग्रंथालयाचे दार उघडणारे महाराज : सयाजीराव गायकवाड

नवापूर सोडून तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरतेच्या दिशेस निघाले की थोड्याच वेळात सोनगड लागते. आज ते गुजरातेत आहे; पूर्वी ते गायकवाडांचे मूळ ठाणे होते. आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उंबरठ्यावरील या गावी बडोदे संस्थानाने १८८५ साली आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलांच्या विद्यालयाची ही स्मरणिका सिद्ध होत असताना, त्या शाळेमागे ज्यांची प्रेरणा होती त्या महाराज सयाजीराव गायकवाड यांचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळ. बडोद्याचे मल्हारराव गादीवरून दूर झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी या बालकाला दत्तक घेतले. तेव्हा गोपाळचे वय बारा वर्षांचे होते आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे इलियट यांच्यासारख्या शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि डिसेंबर १८८१ मध्ये राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्याकडे आली. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणाऱ्या या राजाला निरक्षरतेचा अंधार पुस्तकातून कळला नव्हता. तो त्याने स्वतः अनुभवला होता. त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

अधिकार हाती येताच त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढली. तेथे शिकवण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून त्यांनी काम चालू ठेवले. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू झाला.

परंतु मूल शाळेत आले म्हणजे काम संपले, असे महाराजांनी मानले नाही. शाळा सुटल्यानंतर ज्याच्या हाती पुस्तक पडत नाही, तो काही वर्षांत लिहिणे-वाचणे विसरून जातो, हे त्यांनी ओळखले. परदेश प्रवासात अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या पाहण्यात आली होती. म्हणून १९१० साली विल्यम अलान्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास पाचारण केले. राजवाड्यातील स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह प्रजेच्या स्वाधीन केला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ साली ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही सुरू झाला.

या ग्रंथालयाचा एक विभाग केवळ बालकांसाठी होता. तेथे चित्रमय पुस्तके होती, तशीच खेळण्याची साधनेही होती. मुलाने खेळावयास यावे आणि खेळता खेळता पुस्तकाकडे वळावे, असा त्यामागील विचार होता. वडीलधाऱ्यांच्या वाचनालयातही मुलांना प्रवेश दुर्मीळ होता, त्या काळातील ही गोष्ट आहे. मुलांना वाचण्याजोगी पुस्तके देशी भाषांत थोडी होती, म्हणून महाराजांनी दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढून ग्रंथमाला सुरू केल्या. त्यांतील बालज्ञानमाला खास मुलांसाठी होती.

खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये निघाली. पंधरा ते तीस पुस्तकांची लाकडी पेटी गावोगाव जाई आणि तिच्या वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी चित्रपटल व दीपचित्रे दाखवली जात. गावाने काही रक्कम जमवली की तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावयाची, असा नियम होता. त्यामुळे ग्रंथालय ही राजाची देणगी न राहता गावाची मालमत्ता झाली.

आम्हां धम्मबांधवांना या चरित्राशी जोडणारा धागा याहून जवळचा आहे. ग्रंथालय चळवळीच्या पूर्वीपासूनच बडोद्याने ग्रंथलेखनास आश्रय दिला होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी भगवान बुद्धांचे चरित्र लिहिले. मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा केळुसकर गुरुजींच्या दृष्टीस पडला. गुरुजींनी त्या चरित्राची प्रत त्याला भेट दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्याच गुरुजींच्या शब्दावरून महाराजांनी भीमरावांच्या शिक्षणास साहाय्य केले आणि १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. एका योग्य पुस्तकाने योग्य वयात किती दूरवर प्रकाश पाडावा, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

चरित्र सांगताना उणी बाजू लपवणे योग्य नव्हे. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्याच नगरीत त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. कचेरीत शिपायांनी त्यांच्यापुढे कागद दुरून टाकले आणि पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. ग्रंथालये उघडणाऱ्या राजालाही प्रजेच्या मनाची कवाडे हुकुमाने उघडता आली नाहीत. ते काम पुढे बाबासाहेबांनी आणि त्यांनी दिलेल्या धम्माने हाती घेतले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांचे संस्थान गेले, राजदंड गेला. त्यांनी उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय आजही बडोद्यात वाचकांसाठी उघडे आहे.

आमच्या वसतिगृहात अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याच्या डोंगरपाड्यांतून मुले येतात. घरी भिली, पावरी वा मावची बोलणाऱ्या या मुलांना छापील मराठीचा पहिला सहवास पाठ्यपुस्तकातूनच घडतो. म्हणून आमची स्वतःलाच विनंती आहे, की पुस्तके फाटतील या भयाने ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप लावले जाऊ नये. वाचून फाटलेले पुस्तक पुन्हा बांधता येते. न वाचलेल्या पुस्तकामुळे झालेली मुलाची हानी मात्र भरून काढता येत नाही. बारा वर्षांच्या निरक्षर गोपाळला अक्षर मिळाले आणि त्याने ते लाखोंना वाटले. आमच्या पाड्यावरील मुलामुलींच्या हाती तोच वारसा देणे, हेच महाराजांना आमचे विनम्र अभिवादन.