प्रश्न विचारत राहिलेली पंडिता

कॉलेजात आलं की कधीतरी हे प्रश्न पडतातच. आपण केलेली प्रार्थना कुणी ऐकतं का? देव आहे, तर सिग्नलवर उपाशी पोरं का दिसतात? आणि घरच्यांनी दिलेला धर्म आपण तसाच का घ्यायचा? घरी विचारलं तर वाद, मित्रांत विचारलं तर थट्टा. मग आपण गप्प बसतो.

तुमचंही असं होत असेल तर आज पंडिता रमाबाईंना जरा नीट भेटा. शाळेच्या पुस्तकात समाजसुधारकांच्या यादीत त्यांचं नाव तुम्ही पाठ केलंय, सन आणि संस्थेसकट. पण ही बाई आयुष्यभर कुणाकुणाशी भांडली, हे त्या यादीत नसतं.

जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी धर्मपंडितांपुढं जाबही दिला. पुढं लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थं फिरत राहिलं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं. मग दुष्काळ आला आणि १८७४मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती. सगळी व्रतं, सगळे उपास करूनही घर रिकामं झालं होतं. तिचे प्रश्न इथून सुरू झाले.

ती आणि भाऊ श्रीनिवास पायी देश फिरले आणि १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय फक्त वीस. तिथंच तिनं धर्मशास्त्रं बारकाईनं वाचली. एक गोष्ट तिला खटकली. ग्रंथांचं इतर बाबतींत एकमेकांशी जुळत नाही, पण बाई आणि शूद्र हलके, यावर मात्र सगळ्यांचं एकमत! १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दोन वर्षंही झाली नाहीत तोच कॉलऱ्यानं तो गेला. तेविसाव्या वर्षी ती विधवा झाली, पदरात तान्ही मनोरमा.

आता आपल्यातलं कुणीही खचलं असतं. रमाबाई पुण्याला आल्या आणि १८८२मध्ये आर्य महिला समाज सुरू केला. हंटर आयोगापुढं साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. स्वतःला डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३मध्ये इंग्लंड गाठलं. पण ऐकू कमी येऊ लागल्यानं ते स्वप्न तिथंच संपलं.

इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. या जोगिणी समाजानं टाकलेल्या बायकांना आसरा देतात, माणूस म्हणून वागवतात, हे त्यांनी पाहिलं. त्याचा खोल परिणाम झाला आणि २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडं पुण्यात गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

तुम्हाला वाटेल, चला, शोध संपला. छे! खरी गंमत इथून पुढं आहे. मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रं आजही वाचायला मिळतात. एकच देव आहे, तर त्रैक्य कसं? चमत्कार मानलेच पाहिजेत का? ख्रिस्ती धर्मात इतके पंथ, मग त्यांतला नेमका कुठला खरा? मी शाकाहारी राहिले तर बिघडलं काय? क्रॉसवर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नाहीत? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नका, असं बिशप सांगू लागले, तेव्हा रमाबाईंनी हा हुकूम ऐकायला साफ नकार दिला. आश्रय त्यांचा, खर्च त्यांचा, मुलीचं शिक्षणही त्यांच्याकडं. तरी आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाच्या ताब्यात दिली नाही. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटायचा. पण दोघींमधलं प्रेम तुटलं नाही आणि पत्रंही थांबली नाहीत. मतभेद झाला की ब्लॉक करणाऱ्या आपल्या पिढीनं ही पत्रं जरूर वाचावीत.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथं व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवा मुली इथं शिकू लागल्या. महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनातल्या.

पण सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, असं ठरलं होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर वाद पेटला. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दारही लावून घेणार नाही. यात कोण बरोबर? त्यावर आजही वाद होऊ शकतो आणि तो तुम्ही घालावा. पुढं केडगावचं मुक्ती मिशन तर उघडपणे ख्रिस्तीच होतं.

तिथं काय घडलं तेही पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. स्वतःची सोळाव्या वर्षीची भूक त्या विसरल्या नव्हत्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. पुण्यातल्या प्लेगच्या वेळी सरकारी इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं आणि गव्हर्नरची नाराजी ओढवून घेतली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून राज्यकर्त्यांना सूट नव्हती.

शेवटची बरीच वर्षं त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. आधीची भाषांतरं खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मजकुराचे खिळे मुक्तीतल्या मुलींनीच जुळवले. ज्या भाषेच्या पंडिता म्हणून कलकत्त्यानं गौरवलं, ती संस्कृत बाजूला ठेवून त्यांनी साधी मराठी निवडली. १९२१मध्ये मनोरमा गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ला रमाबाईही गेल्या. भाषांतर मात्र पुरं झालं होतं.

तर मित्रमैत्रिणींनो, श्रद्धा ठेवायची की नाही, कोणती ठेवायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. रमाबाईंनी आधी सगळी उत्तरं मिळवून मग काम सुरू केलं नाही. प्रश्न चालू होते आणि त्याच वेळी उपाशी मुलींच्या ताटात भाकरी पडत होती. तुमच्या डोक्यातले प्रश्नही चालू राहू देत. फक्त त्या सिग्नलवरच्या पोराला तुमच्या उत्तराची वाट पाहायला लावू नका.