आग दिसली, पुढे काय?

मीरा रोड किंवा भाईंदरहून रोज लोकल पकडत असाल, तर चंगाई सभेचं पोस्टर कधी ना कधी तुमच्या नजरेला पडलंच असेल. उत्तनच्या बसमध्ये बसलात, तर वेलंकनी मातेचा नवस फेडायला निघालेलं एखादं कुटुंब शेजारी भेटतं. आणि कॉलेजच्या ग्रुपमधली एखादी मैत्रीण सोमवारी येऊन सांगते, की काल प्रार्थनेत एक मुलगा कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलायला लागला. तुम्ही हसता, ती दुखावते. किंवा उलटं होतं. तुम्हीच त्या सभेला जाता आणि कुणीतरी विचारतं, तुला अजून ती भाषा नाही आली? मग रात्रभर झोप नाही. आपल्यातच काही कमी आहे का, हा किडा डोक्यात.

हे भांडण जुनं आहे. पहिल्या शतकात संत पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात पवित्र आत्म्याच्या देणग्यांची यादी आहे. आजार बरे करणं, देवाचा संदेश सांगणं, अन्य भाषा बोलणं वगैरे. पण पुढच्याच अध्यायात तो असंही सांगतो, की या भाषा एक दिवस थांबतील, पूर्णत्व आलं की अपुऱ्या गोष्टींची गरज उरणार नाही. आता पूर्णत्व म्हणजे काय? काही म्हणतात, बायबल लिहून पुरं झालं, प्रेषितांची पिढी गेली, देणग्यांचं काम तिथेच संपलं. दुसरे म्हणतात, छे, पूर्णत्व येणार ते ख्रिस्त परत येईल तेव्हा, म्हणजे देणग्या अजून चालूच आहेत. कॅथलिक चर्च तर आजही कुणाला संत ठरवायचं असेल, तर डॉक्टरांना बसवून चमत्काराची चौकशी करतं.

या वादात मी तुम्हाला एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. शाळेच्या पुस्तकात त्या तुम्हाला भेटल्यात, पण हा भाग बहुतेक वगळलेला असतो. पंडिता रमाबाई.

जन्म १८५८चा, सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून गावाची आणि जातीची बोलणी खाल्ली. आईने रमाला शिकवलं. बारा वर्षांची होईपर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक तिला तोंडपाठ. तुम्ही आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री काय पाठ करतो ते आठवा जरा!

हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराण सांगत देशभर फिरायचं. मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. त्यांनी उपास केले, नवस केले, होतं नव्हतं ते दानात घातलं. देव काहीतरी चमत्कार करेल, ही आशा. चमत्कार झाला नाही. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी हजारो मैल चालत राहिले. १८७८मध्ये ती दोघं कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्या पाहिली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

भाऊ १८८०मध्ये वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी लग्न केलं. १८८२मध्ये पटकीने ते गेले. पदरात लहानगी मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असं ठणकावलं. स्वतः डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, पण कानांनी दगा दिला. ऐकूच कमी येत होतं. तिथेच १८८३मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पुण्यात गदारोळ उठला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मान डोलावणाऱ्या झाल्या नाहीत. ज्या सिस्टर्सनी त्यांना धर्म शिकवला, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. जे बुद्धीला पटत नाही ते चर्च म्हणतं म्हणून मानायला त्यांनी साफ नकार दिला. हे लक्षात ठेवा. आता जे सांगणार आहे, ते अशा बाईंच्या अंगणात घडलं.

१८८९मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पुढे पुणे-दौंड लाइनवर केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्या उपाशी मुली घेऊन आल्या. १९००मध्ये गुजरातहून आणखी. मुक्ती मिशनमधली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. स्वतः जे भोगलं, तेच भोगलेल्या या मुली.

१९०५च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितलं. वेल्समध्ये तेव्हा मोठी धर्मजागृती चालू होती, तिच्या बातम्या येत होत्या. थोड्या मुलींनी सुरुवात झाली, बघता बघता शेकडो जमू लागल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री एक मुलगी अंगात आग उतरल्यासारखी उठून बसली. शेजारच्या मुलीला खरोखरच ज्वाळा दिसल्या आणि ती विझवायला पाण्याची बादली आणायला धावली. मग लक्षात आलं, की काहीच जळत नाहीये. ही हकिगत तिथल्या मिशनरींनी लिहून ठेवलीय.

पुढचे दिवस नुसती रडारड, पापांची कबुली, मोठमोठ्याने प्रार्थना. १९०६-०७च्या सुमारास काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. इंग्रजी न शिकलेल्या मुलीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकलं, असं दौंडच्या आल्बर्ट नॉर्टन या मिशनऱ्याने लिहिलं. शंका घेणारा म्हणेल, मिशनमध्ये गोऱ्या बायका वावरत होत्या, कानावर पडलेलं तोंडी आलं असेल. असेलही. मुक्तीतल्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी यावर एक पुस्तिका लिहिली. ती थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीला एका मैत्रिणीच्या हाती पडली आणि तिथे १९०९मध्ये पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. केडगावची ठिणगी, चिलीत वणवा!

टीकाही झाली. हा उन्माद आहे, असं काही मिशनरीच म्हणाले. आता रमाबाईंच्या जागी स्वतःला ठेवा. आईबापांनी चमत्काराची वाट बघत प्राण सोडले, हे ज्यांनी पाहिलं त्या बाई काय करतील? त्यांनी मुलींना गप्प बसवलं नाही. भारतीय माणूस देवापुढे त्याच्या स्वभावानेच रडेल, ओरडेल, पाश्चात्त्यांच्या शिस्तीत कशाला बसवता, असं त्यांचं म्हणणं. पण अन्य भाषा आली तरच आत्मा मिळाला, अशी पट्टीही त्यांनी कुणाला लावली नाही. स्वतःला ती देणगी मिळाल्याचा दावा केला नाही. आयुष्यात बदल झाला का, प्रेम वाढलं का, हे त्या बघत राहिल्या.

आणि स्वतः काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. व्याकरण घोकून, कोश उघडून, पन्नाशीच्या आसपास. तेव्हाचं मराठी बायबल खेड्यातल्या बाईला समजत नाही, म्हणून मूळ भाषांतून साध्या मराठीत आणायचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच जुळवले. म्हणजे बघा, एकाच आवारात कुणी न शिकलेल्या भाषेत बोलत होतं आणि बाई मात्र भाषा शिकण्यासाठी वर्षं घालवत होत्या. एकीमुळे दुसरी खोटी ठरते, असं त्यांना वाटलं नाही. १९२१मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. भाषांतर हातावेगळं झालं होतं, पूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आलं.

मग देणग्या चालू आहेत की संपल्या? पौलाच्या त्या ओळींवर दोन्ही बाजूंचे अभ्यासक आजही भांडतायत, ते एका पानात मिटणार नाही. पण उद्या लोकलमध्ये मैत्रीण भेटेल, तिला हसू नका. त्या सभेनंतर सोमवारी काय बदललं, एवढं विचारा. घरी अबोला होता तो सुटला का? घेतलेले पैसे परत केले का? तुझ्याकडे ती भाषा नाही म्हणजे तू कमी, असं कुणी म्हणालं, तर त्याला केडगावच्या बाईंची गोष्ट सांगा. आणि कुणी आजारी माणसाची औषधं बंद करायला सांगितलं, तर मात्र वाद घालत बसू नका, त्याला उठवून सरळ डॉक्टरकडे न्या.

एखाद्या रविवारी वेळ काढून केडगावलाही जाऊन या. मुक्ती मिशन अजून चालू आहे.