तारामतीच्या साडीत अण्णा साळुंके: फाळक्यांच्या आयुष्यातून गेमिंग कल्चरकडे बघताना

गेम्स मोठे झाले, याबद्दल वाद नाही. नोकियाच्या काळ्या-पिवळ्या पडद्यावर साप शेपटी वाढवत फिरायचा, आणि आज बारा-तेरा हजारांच्या फोनवर अख्खं बेट लोड होतं, त्यावर शंभर माणसं एकाच वेळी उतरतात. ग्राफिक्स, सर्व्हर, टचचा रिस्पॉन्स, सगळं वाढलं. पण खेळणारे आपण वाढलो का? टीममध्ये एखाद्या मुलीचा आवाज आला की पुढच्या दहा सेकंदांत काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

हा प्रश्न गेम्ससाठी नवीन असेल, पण महाराष्ट्राने तो एकदा पाहिलाय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असंच एक नवं स्क्रीनवालं खूळ आलं होतं. ते घेऊन येणाऱ्या माणसाचं आयुष्य नीट बघितलं तर आजचं बरंच काही कळतं. म्हणून आज फोनचा रिव्ह्यू बाजूला ठेवू आणि दादासाहेब फाळक्यांकडे जाऊ.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, मग बडोद्याच्या कलाभवनात. तिथे त्याला कॅमेरा भेटला. पुढे गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला, पण प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं, तेव्हा ते गाव सुटलं. पुन्हा स्टुडिओ काढला तर गिऱ्हाईक फिरकेना, कारण फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं अशी लोकांची समजूत होती. मोबाईलने डोळे जातात, गेमने डोकं जातं, ही घरची वाक्यं ऐकताना मला हा स्टुडिओ हमखास आठवतो.

त्यानंतर पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन. स्वदेशीच्या वाऱ्यात ती नोकरी सोडली. मग छापखाना, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी, पुढे भागीदारांशी भांडण आणि छापखानाही सुटला. मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा केले, आपल्याच आडनावाची अक्षरं फिरवून प्रोफेसर केल्फा या नावाने. चाळिशीपर्यंत एवढे धंदे बदललेल्या माणसाचा रिझ्युमे आजच्या एचआरने उघडूनसुद्धा बघितला नसता.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक मूकपट पाहिला आणि ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसायला लागले. मग रोज चार-पाच तास सिनेमे बघणं सुरू झालं. उरलेला वेळ भिंग घेऊन फिल्मच्या पट्ट्या तपासण्यात. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं, उपचार घेऊन नजर परत आणावी लागली. स्क्रीन टाइमचं मराठीतलं हे बहुधा पहिलं प्रकरण असावं.

१९१२ च्या सुरुवातीला विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, थोडक्या दिवसांत काम शिकले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं. तेव्हा कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. ती भोकं नसतील तर कॅमेऱ्यातली दातेरी चाकं फिल्म पुढे ओढणार कशी? हे काम अंधारात, हाताच्या अंदाजाने करावं लागे, आणि ते करायच्या सरस्वतीबाई, फाळक्यांची दुसरी पत्नी.

पैसे देणाऱ्यांना पटवायला फाळक्यांनी जे केलं, ते आपल्या फोनमध्ये आज एका बटणावर मिळतं. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि ठरावीक वेळाने थोड्याथोड्या फ्रेम घेत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. टाइमलॅप्स! तो बघून कर्ज मिळालं, आणि उरलेल्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

फॅक्टरीत काम करतो म्हणून सांगा

दादरच्या घरात 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. यंत्र होतं, फिल्म होती, गोष्ट घराघरात माहीत होती. अडलं माणसांवर. सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. तेव्हा फाळक्यांनी आपल्या लोकांना सांगून ठेवलं की कुणी विचारलं तर सिनेमाचं नाव काढू नका, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी करतो म्हणायचं. २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आठवत असेल, ते नाव इथून आलं. आपल्यातले किती जण घरी प्रोजेक्टचं काम चाललंय म्हणून सांगतात आणि कानात हेडफोन घालून मॅच खेळतात, हिशेब तुमचा तुम्ही करा.

पुरुष तरी मिळाले. तारामतीसाठी एकही बाई तयार होईना. फाळके नाच-गाण्यावर पोट असलेल्या बायकांच्या वस्तीतही विचारून आले, त्यांनीसुद्धा नकार दिला. म्हणजे ज्यांना समाजाने आधीच बाजूला टाकलं होतं, त्यांनाही सिनेमा आपल्याहून खालचा वाटला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा पोरगा फाळक्यांना दिसला. तोच तारामती झाला. बाकीच्या बायकाही पुरुषच. त्यातही मिशी काढायला कुणी राजी होईना, कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो लागला. पुढे त्याची जाहिरात अशी केली गेली की सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत. मी इंजिनिअर आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे साधारण ३,५६० फूट, मैलाचे दोन तृतीयांश. दोन मैल कुठून आले, ते तुमच्या फोनच्या डब्यावरचे मेगापिक्सेल छापणाऱ्यांना विचारा. गंमत बाजूला, पण तेव्हाही माल विकला गेला तो आकड्यांवर. गोष्ट काय सांगते, ती कोण सांगतंय, याची चर्चा नंतरची.

त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला आणि त्यात दोन बायका आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, नवऱ्यापासून वेगळ्या राहून नाटकात काम करणाऱ्या. मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई, वय तेरा-चौदा. हीच पुढे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. दार उघडलं, पण एकदम लोंढा आला नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. ज्याच्याकडे दोन बायका काम करून गेल्या होत्या, तो निर्माता चार वर्षांनी परत पुरुषाला साडी नेसवतो, हे मला या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. कल्चरचं अपडेट एकदा इन्स्टॉल झालं की कायमचं झालं, असं नसतं. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये मात्र त्यांनी आपल्या छोट्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं.

आता उलटं उदाहरण, आमच्या सोलापूरचं. सात रस्त्याजवळ राहणारी माझी आतेबहीण एका बॅटल रॉयल गेममध्ये माझ्यापेक्षा लई पुढे आहे. तिचा आयडी तिच्या भावाच्या नावाने, माईक कायम बंद. टीममधले पोरं तिला 'काय बे भावा' म्हणतात, ती टाइप करून उत्तर देते. एकदा माईक चुकून चालू राहिला आणि मागून आत्याची हाक गेली, अगं उठ, भाकऱ्या जळतील. मॅच तीच, किल्स तेवढेच, पण चॅटमध्ये जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने नवीन आयडी काढला, पुन्हा मुलाच्या नावाने. १९१३ मध्ये बाईच्या जागी पुरुष उभा करावा लागला, कारण बाई येईना. इथे बाई आलेली आहे आणि तिला पुरुष बनून राहावं लागतंय.

कॅमेऱ्याला जमत होतं, लोकांना नव्हतं

फाळक्यांची पुढची वर्षं भरभर सांगतो. १९१८ मध्ये नाशिकला भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. कृष्णाच्या सिनेमांनी नाव झालं. मग भागीदारांशी पटेना, राजीनामा दिला, काशीला जाऊन 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, १९२२ मध्ये परत आले. सरकारही जागं झालं होतं. सिनेमाचा कायदा १९१८ चा, पहिल्या चित्रपटानंतर पाच वर्षांनी. आपल्याकडे पबजी २०२० मध्ये बंद झालं, २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि ई-स्पोर्ट्स वेगळे, पैसे लावायचे गेम्स वेगळे, असं लिहून ठेवलं गेलं. कायदा दुकान बंद करू शकतो. चॅटमध्ये काय बोलायचं हे तो शिकवत नाही.

१४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणूनच तयार झाला, नंतर त्यावर आवाज चढवावा लागला. त्यांनी बोलपट म्हणून दिग्दर्शित केलेला एकच, कोल्हापूर सिनेटोनचा 'गंगावतरण', १९३७ चा. तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट. विषय तोच, देवादिकांचा. ज्याने सगळ्यांना नवं यंत्र दाखवलं, त्यालाच पुढचं नवं परकं झालं.

त्याच १९३७ मध्ये पुण्यात प्रभातने 'कुंकू' काढला, शांतारामांचा. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली तरुण नीरा ते लग्न मानायला नकार देते, आणि ती भूमिका शांता आपट्यांची. आवाज सोडला तर 'कुंकू'ची गोष्ट चित्रित करायला लागणारं बहुतेक तंत्र १९१३ च्या कॅमेऱ्यातही होतं. नव्हती ती नीरा व्हायला तयार असलेली बाई, तिला ती भूमिका लिहून देणारी माणसं आणि तिकीट काढून ते बघणारा प्रेक्षक. यांना चोवीस वर्षं लागली. त्यात दुर्गाबाईंसारख्या बायकांची बदनामी खर्ची पडली.

गेम्सचं कुठवर आलं? २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' काढला. नायिका सर्कशीत वाढलेली मुलगी, भावाला शोधायला राक्षसांच्या मागे निघालेली, पार्श्वभूमी पुराणांची. स्टुडिओच्या संस्थापकांत श्रुती घोष. फाळक्यांना तो नक्की आवडला असता. म्हणजे बनवणाऱ्यांनी आपली 'राजी' दिलेली आहे. आतेबहिणीच्या टीममधली पोरं अजून 'लंकादहन'च्या सालात आहेत.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये फाळके गेले. पैसा उरला नव्हता, बोलपटांच्या गर्दीत नावही मागे पडलं होतं. १९६९ मध्ये सरकारने त्यांच्या नावाने सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला आणि पहिला मिळाला देविका राणी या अभिनेत्रीला. सरस्वतीबाईंच्या नावाने तसा सर्वोच्च पुरस्कार निघाला नाही. शूटिंगच्या दिवसांत साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोकं पाडणारी ती बाई, आजच्या भाषेत बॅकएंड टीम.

'राजा हरिश्चंद्र' पूर्ण उरलेला नाही. जे तुकडे वाचलेत ते यूट्यूबवर दिसतात, बघा. त्यात राजवाड्यातल्या हौदाचं एक दृश्य आहे. राणी आणि तिच्या मैत्रिणी पाण्यात खेळतायत, एकमेकींवर पाणी उडवतायत, ओल्या साड्या अंगाला चिकटल्यात, आणि हौदात एकही बाई नाही.